मशीनवरची वाकळ



बाळासाठी केलेली विणलेली गोधडी कुणाच्या हातात दिली की दोन प्रश्न ठरलेले असतात. "किती मऊ आहे गं, लोकर कुठली?" हा पहिला. "हाताने केलीस की मशीनवर?" हा दुसरा. मशीनवर म्हटलं की कौतुक लगेच उतरतं. "हां, मग काय, मशीननेच झालं की!"

कोपरला आमच्या भागात सध्या चार-पाच जणी घरच्या घरी निटिंग मशीनवर बाळाच्या वस्तू करतात. त्यातली एक मी. कुंच्या, टोपडी, झबली सगळ्याच करतात, पण अलीकडे मागणी आहे ती भरीव, नळ्या-नळ्यांच्या गोधडीला. आम्ही कोल्हापूर-सांगलीकडच्या बायका तिला वाकळ म्हणतो, गुजराती शेजारणी गोदडी म्हणतात. म्हणून या वस्तूबद्दल एकदा नीट लिहायचं ठरवलं. माझं मत आधीच सांगून टाकते. मशीनवर केलेली वाकळसुद्धा वाकळच आहे. मात्र ती कशाची केली, कुठे वापरली, किती जमवल्या आणि करणारीला काय दिलं, हे चार प्रश्न हात की मशीन यापेक्षा फार मोठे आहेत.

ही होते कशी?

ज्यांनी मशीन जवळून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. घरगुती मशीनवर साधारण २०० सुया एका रांगेत असतात, दोन सुयांमध्ये साडेचार मिलिमीटर अंतर. समोर दुसरी तशीच रांग जोडली, जिला रिबर म्हणतात, की दोन पदरी विणता येतं. कॅरेज जाताना मागची रांग विणते, येताना पुढची. मधे पोकळ नळी तयार होत जाते. नळी चार सेंटिमीटरची झाली की वरून, दोन रांगांच्या फटीतून, फूटपट्टीने आत भर सारायची. मग दोन्ही रांगा एकाच धाग्याने एकदा विणायच्या. नळीचं तोंड बंद! पुन्हा पुढची नळी सुरू.

ही बंद करणारी ओळ म्हणजेच आपल्या आजीचा धावदोरा. वाकळीत धावदोरा शोभेसाठी नसतो. आतले पदर धुताना गोळा होऊ नयेत, एका कोपऱ्यात सरकू नयेत, म्हणून असतो. तेच काम इथे ती ओळ करते. पद्धत वेगळी, हेतू तोच.

आता हिशेब करा. ७० सेंटिमीटर रुंद आणि ८० सेंटिमीटर लांब अशी बाळाची वाकळ घ्या. चार-चार सेंटिमीटरच्या २० नळ्या झाल्या. बारीक सुती धाग्यात एका नळीला खाली-वर मिळून ३२ ओळी लागतात. म्हणजे ६४० वेळा कॅरेज इकडून तिकडे, आणि प्रत्येक वेळी २०० टाके. एकूण एक लाख अठ्ठावीस हजार टाके! मिनिटाला ३० टाके घालणारी हातविणकर बाई हे करायला बसली तर ७१ तास लागतील. मशीनवर दोन दुपारी आणि एक संध्याकाळ लागते, तीही टाका सुटला नाही तर. आपल्या दमट हवेत सुयांवर गंज चढतो, सुया दाबून धरणारी स्पंजची पट्टी बसते, सुती धागा लवचीक नसल्यामुळे अडकतो. त्याला मेणावरून ओढून घ्यावं लागतं. (मेण पॅराफिनचं. मधमाश्यांच्या मेणाची गरज नाही.) मशीनवर म्हणजे बटण दाबलं आणि झालं, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा अर्ध्या वाकळीत सुटलेला टाका आठ ओळी खालून वर चढवून बघावा.

यंत्राबद्दलचा संशय काही आजचा नाही. इंग्लंडात विल्यम ली नावाच्या माणसाने १५८९ साली विणकामाचं पहिलं यंत्र केलं. राणी एलिझाबेथने त्याला मक्तेदारीचा हक्क नाकारला. हाताने मोजे विणून पोट भरणाऱ्या गरिबांचं काय होईल, ही काळजी तिला वाटली असं सांगतात. ती काळजी खोटी नव्हती. पण आज कोपरच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये मशीन चालवणारी बाई कुणाच्या पोटावर पाय देत नाही. उलट मोठ्या कारखान्यांच्या मालापुढे तीच आता हातविणकरीण ठरली आहे.

एक गोष्ट मात्र मान्य करते. जुन्या वाकळीत सासूबाईंचं इरकली, आईचं पातळ, मामांचं धोतर शेजारी शेजारी बसलेलं असायचं. उत्तर कन्नडमधल्या हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी बायका आपल्या कवंदीच्या चार कोपऱ्यांत घडी घातलेल्या कापडाची 'फुलं' लावल्याशिवाय ती पूर्ण मानत नाहीत. असा प्रत्येक वाकळीचा वेगळा चेहरा मशीन देऊ शकत नाही. चार जणी सोप्यात बसून टाके घालता घालता गप्पा मारायच्या, तेही मशीनपाशी होत नाही. हे नुकसान आहे. पण तो सोपाच आता राहिलेला नाही आणि सकाळची लोकल चुकवून धावदोरा घालणं कुणाला शक्य नाही. म्हणून पर्याय हात की मशीन असा नाहीच. मशीन नसेल तर दुकानातून आणलेलं चकचकीत ब्लँकेट, हाच खरा पर्याय उरतो.

लोकर म्हणजे नक्की काय?

आता पहिल्या प्रश्नाकडे येते. तो प्रश्न बरोबर आहे, पण आपण उत्तर नीट ऐकत नाही.

दुकानात आपण "बेबीची लोकर द्या" म्हणतो तेव्हा हातात येते ती बहुतेक वेळा अ‍ॅक्रिलिकची लड. तिचा मेंढीशी काही संबंध नसतो. ती पेट्रोलियमपासून झालेली असते. त्यामुळे काही मैत्रिणींना वाटतं, "बरंच झालं, प्राण्याचं काही नाही, आपल्याला चालेल." इथे थोडं थांबून विचार करायला हवा.

लोकर आपल्या परंपरेत सरसकट वर्ज्य नाही. श्वेतांबर साधू-साध्वींचा ओघा लोकरीच्या दशांचा असतो, त्यांची कांबळीही लोकरीची. सामायिकाला बसायचं कटासणंही पुष्कळ घरी लोकरीचं असतं. मेंढीची लोकर कातरली तर ती पुन्हा वाढते, त्यासाठी तिचा जीव घ्यावा लागत नाही. रेशमाचं तसं नाही. तिथे किडा कोशात असतानाच वाफेने किंवा उकळत्या पाण्यात मारला जातो. म्हणून तर आंध्र प्रदेशच्या कुसुमा राजय्या यांनी पतंग बाहेर पडल्यानंतरच्या कोशांतून सूत काढण्याची 'अहिंसा रेशमा'ची पद्धत बसवली. पण लोकरीतही सगळं निर्मळ नाही. मऊ मेरिनो लोकर मुख्यतः ऑस्ट्रेलियातून येते. तिथे मेंढीच्या मागच्या भागाची कातडी कापण्याची प्रथा, जिला म्यूल्सिंग म्हणतात, अजून पुष्कळ ठिकाणी आहे. न्यूझीलंडने तिच्यावर २०१८ मध्ये बंदी घातली. तेव्हा लड हातात घेऊन "लोकर आहे" एवढ्यावर समाधान मानू नये आणि "लोकर नाही" एवढ्यावरही मानू नये.

कोपरसाठी तर प्रश्न आणखी सोपा आहे. आपल्याकडे लोकर हवीच कशाला? खाडीची दमट हवा, वर्षातले नऊ महिने पंखा. लुधियानाच्या थंडीसाठी जे बरोबर ते इथे बाळाला घामाघूम करतं. कापूस हवेतली ओल धरून ठेवतो, आपल्या वजनाच्या आठ टक्क्यांच्या आसपास. अ‍ॅक्रिलिक दोन टक्क्यांच्या आत आणि पॉलिएस्टर तर अर्धा टक्काही नाही. म्हणजे बाळाच्या पाठीला आलेला घाम सुती वाकळ शोषून घेते, अ‍ॅक्रिलिकची त्याला तसाच चिकटू देते. मानेवर पुरळ उठलं की आपण पावडर बदलतो, अंथरूण बदलत नाही.

अजून एक, आणि ही गोष्ट आपल्यासारख्यांनी जास्त मनावर घ्यावी. लोकरीला कसर लागते. कसरीची अळी लोकर, रेशीम, पिसं यांसारख्या प्राण्यांपासून आलेल्या धाग्यांवर जगते. स्वच्छ सुती कापड तिचं अन्न नाही. म्हणजे लोकरीची वाकळ कपाटात ठेवली की चातुर्मासात एक तर आत जीवोत्पत्ती होऊ द्यायची, नाही तर डांबराच्या गोळ्या टाकून ते जीव मारायचे. आणि त्या गोळ्यांचा वास बाळालाही बाधतो. ज्या बाळांमध्ये जी-सिक्स-पीडी नावाच्या घटकाची जन्मतः कमतरता असते त्यांच्या रक्तपेशी नॅफ्थलिनने फुटतात, कावीळ वाढते. ही कमतरता बाळाच्या चेहऱ्यावर लिहिलेली नसते. मुळात जी वस्तू ठेवण्यासाठी विष लागतं ती बाळाच्या कपाटात कशाला ठेवायची?

म्हणून माझं म्हणणं, धागा सुती घ्या. बारीक, दुपदरी, शक्यतो न रंगवलेला किंवा फिका.

आत काय भरायचं?

बाहेरून सुती आणि आतून रेक्रॉन, असं हल्ली सर्रास चालतं. रेक्रॉन फुगतो, फोटोत छान दिसतो, धुतला की लवकर वाळतो. पण तो पॉलिएस्टरच. घाम न शोषणारी गादीच आपण बाळाच्या अंगाखाली घालतो. पिंजलेला कापूस भरला तर जुलैमध्ये तो वाळतच नाही. गॅलरीत चार दिवस लटकून कुबट वास येतो.

मी भरते ते जुनं सुती कापड. पन्नास वेळा धुतलेली साडी, धोतर, मऊ झालेली ओढणी. चार सेंटिमीटरहून थोडी अरुंद, दुपदरी घडीची पट्टी करायची आणि नळीत सरळ सोडायची. कापसापेक्षा ती फटीतून सहज जाते. गोळा होत नाही. सबंध वाकळ तीन-चारशे ग्रॅमच्या वर जात नाही आणि पावसाळ्यातसुद्धा पंख्याखाली दीड दिवसात वाळते. शिवाय मघाशी ज्याच्या नुकसानाबद्दल बोलले ते थोडं भरून निघतं. आजीचं पातळ बाहेर दिसत नाही, पण आत असतं.

बाळासाठी जन्माआधी नवं काही करू नये, पहिले काही दिवस जुन्याच मऊ कापडात ठेवावं, असं आपल्याकडच्या मोठ्या बायका सांगत आल्या. त्यामागे शकुन-अपशकुन काही असो, धुऊन धुऊन खळ आणि रंग निघून गेलेलं कापड कोवळ्या कातडीला सोसतं, हे शहाणपण त्यात नक्की आहे. ते शहाणपण मशीनमध्येही घालता येतं.

पांघरायची नाही, अंथरायची

हे मात्र मला ठामपणे सांगायचं आहे, मग कुणाला राग आला तरी चालेल. भरीव वाकळ झोपलेल्या तान्ह्या बाळावर पांघरू नका. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०२२ मध्ये आपल्या सूचना पुन्हा प्रसिद्ध केल्या. त्यात वर्षाखालच्या बाळाला पाठीवर, टणक सपाट अंथरुणावर झोपवा आणि भोवती उशी, रजई, सैल पांघरूण काही ठेवू नका, असं स्पष्ट आहे. तोंडावर आलेलं पांघरूण बाळाला बाजूला करता येत नाही. अंग फार तापणं हाही धोकाच.

मग वाकळीचा उपयोग काय? पुष्कळ. जमिनीवर सतरंजीवर पसरून बाळाला जागेपणी पोटावर खेळवायला. तेल लावताना मांडीवर. सव्वा महिन्यानंतर पहिल्यांदा मंदिरात नेताना हातांवर, जिथे कानात णमोकार सांगितला जातो आणि फरशी गार असते. डॉक्टरांच्या टेबलावर. रिक्षात, गाडीत, कडेवर असताना. आपल्या समोर, आपल्या नजरेखाली. झोपेत नाही.

आणि दोन पदरी विणीचा एक फायदा विसरू नका. एकपदरी नक्षीदार विणीच्या मागे लांब लांब सुटे धागे राहतात, जाळीच्या विणीत भोकं राहतात. त्यात बाळाची इवलीशी बोटं अडकतात. दोन पदरांत ते सगळं आत जातं. मात्र वरून मोती, टिकल्या, बटणं लावून तो फायदा घालवू नका. हौस भिंतीवरच्या तोरणावर करावी.

एक पुरे

बारशाला जाऊन आल्यावर कपाट उघडून मोजा. माझ्या ओळखीच्या एका घरात सोळा ब्लँकेटं निघाली. एका बाळाला सोळा! त्यातली बारा पिशवीतून बाहेरही आली नव्हती. पुढच्या बारशाला ती तशीच फिरवली जातात.

आपण अपरिग्रहावर प्रवचनं ऐकतो, तेव्हा डोळ्यांपुढे सोनं आणि जमीन येते. पण तत्त्वार्थसूत्रात श्रावकाने मर्यादा घालायच्या परिग्रहांमध्ये 'कुप्य' हाही शब्द आहे, आणि पूज्यपाद आचार्यांनी सर्वार्थसिद्धीत त्याचा अर्थ सांगताना सुती-रेशमी वस्त्रं मोजली आहेत. म्हणजे कपाटातली कापडंसुद्धा हिशेबात येतात. बाळ व्रत घेऊ शकत नाही. त्याच्या नावाने साठवणाऱ्या आपण घेऊ शकतो.

माझी सूचना अशी. मामी, आत्या, मावशी, काकू सगळ्यांनी मिळून एकच वाकळ द्यावी. प्रत्येकीने घरातल्या एका जुन्या कापडाची पट्टी द्यावी. २० नळ्यांत २० घरं बसतात. बाळ मोठं झालं की ती धाकट्याला, नंतर दुसऱ्या घरी. सुती असल्यामुळे ती झिजेल आणि शेवटी तिचं पोतेरं होईल. झिजून संपणं हा वस्तूचा दोष नाही. अ‍ॅक्रिलिक मात्र धुताना बारीक तंतू पाण्यात सोडत राहतं आणि फेकल्यावर आपल्या नातवंडांच्या नातवंडांपर्यंत कचऱ्यात तसंच पडून राहतं.

आणि किंमत

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं तो मुद्दा.

मशीनवर वाकळ करणाऱ्या बाईला आपल्याच समाजातल्या बायका काय देतात? धाग्याचे पैसे. "घरचीच आहेस ना!" किंवा "मशीननेच तर होतं." एका प्रदर्शनात मी स्वतः ऐकलं, "एवढ्यात तर मॉलमध्ये दोन येतात." बरोबर आहे. येतात. पण ती दोन कशाची, हे वर सांगितलं.

शिंप्याकडे ब्लाउज टाकताना आपण त्याच्या शिवणयंत्राचा उल्लेख करून पैसे कमी करत नाही. तोही मशीननेच शिवतो. दातांच्या डॉक्टरांना "तुमचं तर मशीनच फिरतं" असं म्हणत नाही. घरात बसून काम करणाऱ्या बाईच्या वेळेलाच मोल नाही, कारण ती त्याच वेळेत कुकरही लावते. तिची दुपार फुकट आहे असं आपणच, बायकांनीच, धरून चाललो आहोत.

आपल्यात अशा कितीतरी जणी आहेत ज्यांना नोकरीला बाहेर पडता येत नाही. घरात अंथरुणाला खिळलेले सासरे आहेत, लहान मुलं आहेत, किंवा घरच्यांची परवानगी नाही. त्यांच्यासाठी हे मशीन म्हणजे घरातच उघडलेलं एक दार आहे. जपानच्या ब्रदर कंपनीने घरगुती विणकाम यंत्रं बनवणं केव्हाच बंद केलं. त्यामुळे जुनं मशीन मिळवायचं, त्याचे सुटे भाग शोधायचे, यातच तिचे पैसे आणि महिने जातात. ते निघाले नाहीत तर मशीन पलंगाखाली जातं आणि ते दार बंद होतं. मी अशी दोन मशीनं पलंगाखाली गेलेली पाहिली आहेत.

म्हणून सरळ हिशेब मांडूया. धागा अधिक तास. तासाचा दर, तुमच्या घरी पोळ्या करायला येणाऱ्या मावशींना तुम्ही तासाला जे देता त्यापेक्षा कमी नको. करणारीनेही लाजू नये. वाकळीसोबत चिठ्ठी द्यावी: धागा इतका, तास इतके. दान द्यायचं असेल तर दान म्हणून द्यावं, मनापासून द्यावं. मी स्वतः वर्षातून काही वाकळी तशा देते. पण नाइलाजाने सोडलेल्या पैशाला दान म्हणता येत नाही, आणि दुसरीच्या कष्टाचं मोल बुडवून मिळालेली स्वस्त वस्तू आपल्या अचौर्याच्या व्रतात कुठे बसते, हे प्रत्येकीने आपलं आपण तपासावं.

ज्यांच्याकडे मशीन पडून आहे त्यांनी ते पलंगाखालून काढावं, तेल द्यावं, स्पंजची पट्टी बदलावी आणि शेजारच्या एखादीला शिकवावं. ज्यांच्याकडे मशीन नाही त्यांनी जुनी पातळं धुऊन, पट्ट्या कापून ठेवाव्यात. आणि पुढच्या वेळी कुणाच्या बाळाची वाकळ हातात आली की "हाताने की मशीनवर?" याऐवजी विचारावं, "तुला किती तास लागले गं?"

जय जिनेंद्र.